काचेच्या दाराबाहेरच्या चपला

मे महिन्यात मी अमरावती-अकोल्याला चालले आहे असं घरात जाहीर केलं, तेव्हा आमच्या ह्यांनी उठून पंखा वाढवला आणि विचारलं, "कशाला?"

"फरश्या बघायला," मी म्हणाले.

त्यांना एवढं उत्तर पुरलं. सांगलीत माझं पडदे, गालिचे आणि फ्लोअरिंगचं दुकान आहे. नव्या इमारतीत शिरल्यावर लोक छताचं झुंबर बघतात, भिंतीवरची चित्रं बघतात. मी खाली बघते. बँकेत, दवाखान्यात, लग्नाच्या हॉलमध्ये मी बोटाच्या पेराने फरशी वाजवून पाहिलेली आहे आणि त्यावरून घरच्यांनी मला भरपूर बोलूनही घेतलं आहे. वऱ्हाडात ऊन इतकं, की व्हिनाइलखालचा (म्हणजे चिकटवायच्या प्लास्टिकच्या फरशीखालचा) डिंक पातळ होतो असं ऐकलं होतं. ते डोळ्यांनी बघायचं तर मे महिन्यातच जायला हवं होतं. शिवाय तिथे कल्पना होती. मुंबईच्या एका प्रदर्शनात आम्ही दोघी एकाच चटईपाशी उकिडव्या बसून तिची कड उचलून बघत होतो. तिथेच ओळख झाली, आणि ती टिकली.

भुसावळ मागे पडल्यावर खिडकीतून येणारी हवा चुलीतून आल्यासारखी लागायला लागली. शेगावला कचोरी घेतली. तिखट, आणि सोबत तळलेली हिरवी मिरची, वर प्यायला कोमट पाणी. नाकाडोळ्यांतून धार लागली. समोरच्या बाकावरच्या बाईंनी आपल्या डब्यातला गूळ पुढे केला.

"कोठी चालल्या?" त्यांनी विचारलं.

"अमरावतीला."

"लग्न हाय?"

"नाही. ऑफिसांतल्या, दुकानांतल्या फरश्या आणि दारं बघायला."

"अवो बाप्पा!" त्या शेजारणीकडे वळल्या. "उन्हात फरश्या पाहाले येते का कोणी?"

बडनेऱ्याला उतरले. अमरावतीसाठी इथेच उतरायचं. कल्पना स्कूटर घेऊन येणार होती, पण स्टेशनाबाहेर एकीचाही चेहरा दिसेना. सगळ्या बायकांनी डोक्यापासून गळ्यापर्यंत स्कार्फ बांधलेले, उघडे फक्त डोळे. मी एकीकडे बघून तोंडभर हसले, तर ती घाबरून स्कूटर घेऊन निघूनच गेली. मग मागून खांद्यावर हात पडला. "ताई, मी अथी हाय!" (अथी म्हणजे इथे.)

कल्पनाने मला आधी तिचं एक काम दाखवायला नेलं. अमरावतीत स्पर्धा परीक्षांच्या शिकवण्या पावलोपावली. त्यातल्या एका इमारतीत तिने सगळ्या वर्गांत कार्पेट टाइल घातली आहे. म्हणजे अखंड गालिचा नाही, तर त्याचे हातभर चौकोनी तुकडे एकमेकांना भिडवून बसवायचे. एकावर शाई सांडली तर तेवढाच तुकडा बदलायचा. मी सवयीप्रमाणे खाली बसून सांधे बघितले. नख शिरायलाही जागा नव्हती. तिथले सर कौतुकाने म्हणाले, "आधी खुर्च्या सरकल्या का वर्गात भूकंप होये. आता पोरायले फक्त माहाच आवाज येते. त्याच्यानं ते बिचारे झोपून राहिले."

वर्गांबाहेरच्या बोळात मात्र कालच व्हिनाइल चिकटवलेलं होतं. डिंकाबद्दल ऐकलेलं खरं की खोटं, त्याचा निकाल तिथेच लागला. माझी सँडल जागच्या जागी राहिली आणि मी एका पायाने अनवाणी पुढे गेले. मागून येणाऱ्या विद्यार्थिनीने ती ओढून काढून मला दिली आणि अगदी गंभीर चेहऱ्याने "मॅडम, तुमची" म्हणाली. कल्पना हसून हसून भिंतीला टेकली. "कारागिराले सांगितलं होतं, पहाटे चिकटव. ऐकते कोण!"

जेवण तिच्या घरी होतं. घर माळ्यांचं, तिचा नवरा शेतात झेंडू, शेवंती लावतो आणि सासरे बाजारात फुलांच्या दुकानावर बसतात. कूलरसमोर पानं मांडली होती. आमरस आणि सरगुंडे (काडीवर वळलेल्या गव्हाच्या जाड शेवया) असा बेत. मी दुसऱ्यांदा वाढून घेतलं तेव्हा सासरे खूश झाले, पण सुनेकडे वळताना त्यांचा आवाज बदलला.

"उद्या अकोल्याले जाऊन राहिली न?"

"हो, मामाजी."

"तेल्हाऱ्याचं काम गेलं, त मंग बंद कर हे. फुलायच्या दुकानात बस. अथी गिऱ्हाईक दारातून परत नाई जात."

कल्पनाने त्यांच्या वाटीत आमरस वाढला. जेवण झाल्यावर भांडी घासता घासता तिने मला सगळं सांगितलं. अकोल्यातल्या एका मोठ्या कापड दुकानाचा अख्खा दर्शनी भाग तिने केला होता. आतली फरशी, आपोआप सरकणारं काचेचं दार, दारातली चटई, सगळं तिच्या आराखड्याप्रमाणे. एवढं मोठं काम स्वतःच्या नावावर पहिल्यांदाच मिळालेलं. दुकानाचे शेठजी आता तेल्हाऱ्यात दुसरं दुकान बांधत होते आणि तेही काम तिलाच देणार म्हणाले होते. पण उन्हाळा लागला, लग्नसराई सुरू झाली आणि शेठजींचे फोन यायला लागले. खेड्यांतली गिऱ्हाइकं दारापर्यंत येतात आणि परत फिरतात. तुमचं दार लोकांना भिववतं. उद्या त्याचा निकाल होता. दार उखडायचं ठरलं, तर तेल्हाऱ्याचं काम नागपूरच्या माणसाकडे जाणार होतं.

"मले फुलं आवडत नाईत असं नाई, ताई," ती म्हणाली. "पन हे माह्यं सोताचं हाय. मी उद्या जातो अन् पाहातो काय होते ते." इकडे बायकाही जातो, पाहातो असंच म्हणतात. मला आधी गंमत वाटली होती. त्या वेळी मात्र हसू आलं नाही.

सकाळी निघताना तिच्या सासूबाईंनी माझ्या पर्समध्ये एक कांदा टाकला. ऊन बाधू नये म्हणून इकडे सगळे जवळ ठेवतात. बस मूर्तिजापूरवरून अकोल्याकडे धावत होती. दोन्हीकडे नांगरून ठेवलेलं काळं रान आणि त्यात हात जाईल एवढाल्या भेगा. मी म्हटलं, असल्या जमिनीवर फरशी कशी टिकते? कल्पना म्हणाली, ही माती पावसात फुगते आणि उन्हात आकसते, म्हणून आधी ती काढून खाली मुरूम भरावा लागतो. मुरमाच्या विषयात ती इतकी रमली, की अकोला येईपर्यंत काळजी विसरली असावी.

दुकान पाहून, खरं सांगते, मला हेवा वाटला. रुंद काचेचं दार, माणूस जवळ आला की दोन्ही काचा आवाज न करता बाजूला होतात. आत तोंड दिसेल अशी दुधी फरशी, आणि शेवटाला पांढऱ्या चादरीची लांबलचक गादी. लग्नाचा बस्ता (लग्नघरची सगळी कापडखरेदी) काढायला माणसं तिथे मांडी घालून बसतात. पण माझा जीव जडला तो दारातल्या चटईवर. बाहेरच्या बाजूला उथळ खड्डा करून त्यात ॲल्युमिनियमच्या पट्ट्या आणि मध्ये ब्रश अशी लांबरुंद चटई बसवलेली. चालत जाता जाता बुटांची माती त्यात झडते आणि आतली फरशी स्वच्छ राहते. वर आलेली कड नाही, अडखळायला पायरी नाही. असलं काम मी मुंबईत पाहिलेलं होतं, आमच्याकडे नाही.

शेठजी गादीवर बसले होते. अंगाने चांगले भरलेले, बोलायला सौम्य. आम्हाला ताक मागवलं. "दार वाईट हाय असं मी म्हनत नाई," ते म्हणाले. "रोज सकाळी मी सोता याच दारातून येतो. पायरी त तुमी ठेवली नाई, म्हनून त्या चटईलेच हात लावून पाया पडतो. पन खेड्यातले लोक हायेत मॅडम. आपोआप उघडनारं दार पाहून भेतात."

"मोबाइलले नाई भेत, त दाराले काय भेतील, शेठजी?"

"मंग काहून परत जातात, ते तुमीच सांगा. आज संध्याकाळपर्यंत सांगा. उद्या नागपूरचा माणूस येऊन राहिला."

आत बसून हे कळणार नव्हतं. समोरच्या बाजूला उसाच्या रसाचं दुकान होतं, त्याच्या मांडवात आम्ही दोघी बसलो. कल्पना म्हणाली, ती दार तपासायला यायची ती नेहमी सकाळी, दुकान उघडायच्या आधी. दार सुरळीत चालायचं आणि ती परत जायची. दुकानाचं तोंड पश्चिमेला. आम्ही बसलो तेव्हा दारात इमारतीची सावली होती आणि माणसं आत जात होती. सूर्य डोक्यावरून पलीकडे कलला तशी सावली आखडत आखडत भिंतीला चिकटली आणि दारात लख्ख ऊन पडलं.

बूट घातलेली दोन पोरं आत गेली. मोबाइलवर बोलत एक बाई सँडलसकट गेली. मग एका ऑटोतून एक कुटुंब उतरलं. डोक्यावर पदर घेतलेली, उन्हाने रापलेली एक बाई, तिची लग्नाची मुलगी, आणखी एक नातेवाईक आणि धोतरातले एक म्हातारे. बाईने काचेतून आत पाहिलं. ती चकचकीत फरशी पाहिली, पांढरी गादी पाहिली. आणि तिने चपला काढल्या. काढून नीट जोडीने बाजूला ठेवल्या. बाकीच्यांनीही काढल्या. तिने चटईवर पाऊल टाकलं आणि झटकन मागे घेतलं. दार उघडलं. आतून गणवेशातल्या पहारेकऱ्याने हात हलवला. बाईने त्याच्याकडे पाहिलं, वाकून चपला उचलल्या आणि सगळेच मागे फिरले.

"पाहा," कल्पना हताश होऊन म्हणाली. "दाराले भेल्या."

"थांब," मी म्हटलं. "ती दाराकडे बघतच नव्हती."

मी रस्ता ओलांडला आणि माझ्या खोडीप्रमाणे खाली बसून पट्ट्यांवर तळहात ठेवला. "आई गं!" इतक्या मोठ्याने ओरडले, की शेजारचा पानवाला बाहेर आला. ते ॲल्युमिनियम तव्यासारखं तापलं होतं. हाताला फोड आला, तो नंतर आठवडाभर माझ्याबरोबर होता.

कल्पना धावत आली. मी हात दाखवला. तिने एकदा चटईकडे आणि एकदा बाजूला, मघाशी चपला ठेवल्या होत्या त्या जागेकडे पाहिलं. "पन चप्पल घालून जाचं असते न याच्यावर," ती म्हणाली. "त्याच्यासाठीच त हाय हे!"

पहारेकरी बाहेर आला होता. "मी रोज सांगतो त्यायले," तो म्हणाला. "काढू नोका, घालून या म्हनतो." आणि त्याने तो हात करून दाखवला. आधी चपलांकडे, मग हवेत. काचेपलीकडून बघणाऱ्याला त्याचा एकच अर्थ लागला असता: चालते व्हा.

कल्पना पळत सुटली, मी मागे. ते कुटुंब कोपऱ्यावरच्या कडुनिंबाखाली होतं. बाई बाटलीतलं पाणी तळपायावर ओतत होती.

"मावशी, दुकानात काहून नाई गेल्या?" कल्पनाने धापा टाकत विचारलं.

"गेलो होतो न, बाई. गेलो अन् आलो."

"पाय भाजले काय तुमचे?"

"भाजले त भाजले. वावरात काय कमी भाजते काय?" (वावर म्हणजे शेत.) तिने पदर सारखा केला. "त्याचं काई नाई. तो वर्दीवाला जा म्हने. मोठं दुकान हाय ते. आमच्यासारख्यायसाठी नसन."

तिच्या आवाजात राग नव्हता. पाऊस नसेल, बस नसेल, तसं ती सांगत होती. मुलगी मात्र अजून दुकानाच्या दिशेने बघत होती. "हिनं मोबाइलमधी पायलं होतं," बाई म्हणाली. "म्हनून तेल्हाऱ्याकडून एवढ्या दूर आलो."

"तो जा नाई म्हनत होता, मावशी! चपला घालून या म्हनत होता. चला, मी नेतो तुमाले आत. अखीन एकदा चला न."

"नोको, बाई. एकदा फिरलो त्या दारातून. आता पुन्हा काय जाचं? लोक पाहून राहिले."

कल्पनाने तिचा हात धरला. तिने तो हळूच सोडवून घेतला आणि सगळे पुढच्या गल्लीत वळले. तिथे एक छोटं कापड दुकान होतं. दाराशी ओलं गोणपाट, वर ताडपत्रीची सावली. वळताना मुलीने एकदा मागे पाहिलं. कल्पना कडुनिंबाच्या पारावर बसली आणि रडायला लागली. मी तिच्या शेजारी जाऊन बसले.

डोळे पुसून ती उठली ती थेट शेठजींपुढे जाऊन उभी राहिली. "शेठजी, बाहेर या. असेच या, चप्पल घालू नोका."

"काहून?"

"या त खरं."

शेठजी अनवाणी उठले, दार उघडलं, त्यांनी पाऊल टाकलं आणि "अरे बाप रे!" करून आत उडी मारली. एवढ्या देहाची उडी बघून नोकर कापडाच्या ताग्यांआड तोंड लपवून हसायला लागले. मलाही हसू आवरेना. कल्पना हसली नाही. कडुनिंबाखाली काय झालं ते तिने त्या बाईच्याच शब्दांत सांगितलं.

शेठजी तळपाय चोळायचे थांबले. "आमच्यासारख्यायसाठी नसन, असं म्हनली ते?"

"हो."

"माहा बाप खांद्यावर गठ्ठे घेऊन याच लोकायच्या दारोदारी हिंडला, बाई," ते म्हणाले. मग विचारलं, "चूक कोनाची?"

"माही," कल्पना म्हणाली. "चित्र काढताना मी पायात बूट धरले. लोक धरले नाई."

तिने सबब सांगितली असती, तर चाललं असतं. दर्शनी काच उठून दिसावी म्हणून दारापुढे सावली करणारा जुना मांडव शेठजींनीच काढायला लावला होता, हे तिने मला आदल्या दिवशी सांगितलं होतं. तिथे तिने त्याचा उल्लेखही केला नाही. त्या क्षणी मला तिचा फार अभिमान वाटला.

पुढचे दोन तास नुसती धावपळ. चटईच्या पट्ट्या गुंडाळून उचलता येतात, त्या उचलून आत, दाराच्या सावलीत नेल्या. बाहेरच्या खड्ड्यात फळ्या टाकून वर ओलं गोणपाट अंथरलं. समोर पांढऱ्या कापडाचा मांडव ठोकला, चपलांसाठी फळी आणि बसायला बाक ठेवला. पहारेकऱ्याला काचेआडून बाहेर आणून उभं केलं आणि हात हलवायचा नाही, जोडायचा, असं बजावलं. शेठजी स्वतः माठ घेऊन आले. उन्हं उतरायच्या आतच बाकावर चपला काढणाऱ्यांची गर्दी झाली. दार उघडत होतं, मिटत होतं, आणि त्याला कुणीही भीत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मला अकोल्याहूनच गाडी होती. कल्पना स्टेशनावर पोचवायला आली. "तेल्हाऱ्याचं काम मिळालं, ताई," ती म्हणाली. मी तिला मिठी मारली, पण तिचं अंग ढिलंच होतं.

"मामाजी काय म्हणाले?"

"बरं झालं म्हनले." ती गाडीच्या दिशेने बघत राहिली. "मी त्या मावशीले नाव नाई इचारलं. गाव बी नाई इचारलं."

गाडीत मी फोडावर खोबरेल तेल लावत विचार करत होते. फरशी घसरते का, दार अडकतं का, गालिचा उसवतो का, हे लोक येऊन सांगतात. इथे माझा अपमान झाला असं सांगायला मात्र कुणी परत येत नाही. सांगलीत उतरल्यावर ह्यांनी विचारलं, "बघितल्यास फरश्या?" मी हो म्हणाले आणि कितीतरी वेळ त्या बाईबद्दलच बोलत राहिले.

तेल्हाऱ्याचं दुकान दिवाळीच्या आधी उघडलं. कल्पनाने फोटो पाठवले. दारावर खोल सावली आहे, हात लावून पाया पडता येईल अशी दगडी पायरी आहे, तिच्या बाजूने चढ आहे. काचेचं दार आहेच, पण दिवसभर उघडंच ठेवतात. उद्घाटनाच्या दिवशी ती सकाळपासून त्या दारात उभी होती, येणाऱ्या प्रत्येक बाईच्या तोंडाकडे बघत. संध्याकाळी तिचा फोन आला. गर्दी मावत नव्हती म्हणाली.

मी विचारलं, "ती आली का गं?"

"नाई आली," कल्पना म्हणाली. पलीकडून दुकानातली गलबल ऐकू येत होती. "अन् ते काहून येईन, ताई? दोन्ही दुकानायवर शेठजीचं नाव तेच हाय. पाटी वाचली असन तिच्या पोरीनं."